केसाचाही फरक नको

शिरूर कासार, १४ जुलै

आक्का,

हे पत्र चुलीत घालायच्या आधी एकदा स्वप्नाला वाचू दे. स्वप्ने, तू मोठ्यानं वाच, आणि तुझी आई उठून शेळ्यांकडे निघाली तर दार अडवून वाच.

फोन करून थकले मी. तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मागं शेळी ओरडलेली ऐकू येते आणि फोन कट. तुझा निरोप मात्र स्वप्नानं शब्दाला शब्द कळवला. "तिला सांग, खंडेनवमीला आईचा कोयता मव्हा भिताडाला दिसला पायजे. न्हाई दिसला तर तिला एकच बहीण व्हती आन ती मेली." हे वाचून मी दिवसभर जेवले नाही. खोटं कशाला सांगू, संध्याकाळी जेवले.

तर कबूल करते. कोयता मीच नेला. आईच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तू पाण्याला गेली होतीस, तेव्हा खुंटीवरून काढला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला. आदल्या दिवशी मी तुला सरळ मागितला होता. तू चारचौघांत म्हणालीस, "त्याला तू कदी हात तरी लावलाय का? तुव्हा हात पेनाचा." ते मला लई झोंबलं. झोंबलं म्हणून चोरी करावी असं कुठं लिहिलेलं नाही, पण केली. तू त्या भंगारवाल्यावर संशय घेऊन त्याला गावातून हाकललंस, तेव्हाही मी गप्प बसले. त्या बिचाऱ्याची माफी वेगळी मागायची आहे.

कोयता नीट आहे, काळजी करू नकोस.

आता का नेला ते ऐक. तुला माहीत आहे, इथं शिरूरला आम्ही ऊस तोडणाऱ्या बायांची कंपनी काढलीय. सातशे बाया आहेत आणि खरेदीचं काम माझ्याकडं. बायांची एकच तक्रार, बाजारातला कोयता गड्याच्या हाताचा असतो. वजनदार. दिवसाला दीड-दोन हजार वेळा तो उचलायचा म्हणजे मनगट सुजून टम्म होतं. मला आठवलं, श्राद्धाला आलेल्या बायांनी आईचा कोयता हातात घेऊन बघितला होता आणि जी ती म्हणत होती, "अगं बाई, हलका कसा ह्यो!" मला वाटलं, तसाच कोयता बाराशे नग करून घ्यावा.

एक विचारायचंय. त्या कोयत्याची मूठ कुणी बसवली गं? आणि मुठीला एका अंगाला अंगठ्याएवढी खोलगट जागा पडलीय, ती मुद्दाम कोरलीय की झिजून झाली? मला लहानपणापासून हीच खोड. आईनं जत्रेत घेतलेलं घड्याळ मी उघडून बघितलं होतं आणि ते पुन्हा कधी चाललं नाही, आठवतं ना?

तुझी,
वनमाला

शिरूर कासार, २ ऑगस्ट

आक्का,

स्वप्नाचा मेसेज आला. "आई ऐकते. मुठीचं वाचलं तेव्हा भाकरी थापायची थांबली होती." बरं वाटलं. म्हणजे पत्र चुलीत गेलं नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, कोयता नीट आहे. तो नीट आहे, पण माझ्याकडं नाही. आता बस खाली. स्वप्ने, आईला पाणी दे. कोयता चीनमध्ये आहे.

शिव्या देऊन झाल्या की पुढं वाच.

इथल्या चार कारखानदारांना मी विचारलं होतं. पाच हजारांच्या खाली कुणी साचा करायला तयार नाही, आणि हलकं पातं म्हटलं की पत्र्यासारखं लवतं. आपले लोहार एकेक कोयता झकास करतील, पण दसऱ्याच्या आत बाराशे करायचे म्हणजे त्यांचे हात मोडतील. पुण्याच्या अवजारांच्या प्रदर्शनात एका चिनी कारखान्याचा स्टॉल होता. ते जगभरच्या ऊसतोडीची पाती करतात. मला वाटलं, बघू तरी. तिथली विक्री सांभाळणारी लिनबाई म्हणून आहे, माझ्याच वयाची. ती म्हणाली, "नमुना पाठवा, हुबेहूब करून देऊ." तिचा फोन आमची भाषा उलटवून लिहितो, त्यामुळे तिचं पहिलं पत्र असं आलं: "आदरणीय वनमाला, तुमच्या म्हातारीचे हत्यार आम्हाला सुखरूप पोचले." मी एकटी बसून हसले आणि मग रडलेही.

तर नमुन्याची एक रीत असते. तो पिशवीत घालून सील करतात, वर सही, आणि पुढं भांडण झालं तर त्याच्याशी माल ताडून बघायचा. करारात मी मोठ्या ऐटीत लिहिलं, "नमुन्यात आणि मालात केसाचाही फरक नको." आमच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, वा, काय लिहिलंस!

माल बोटीवर चढायच्या आधी तिथल्या तिथं तपासून घ्यायचा असतो. एकदा समुद्रात गेला की बोंबलत बसायचं. म्हणून तिकडचाच एक तपासनीस आम्ही नेमला. तो कारखान्यात गेला, ढिगातून स्वतःच्या मनानं ऐंशी कोयते उचलले. कारखान्यानं काढून दिलेले नाहीत बरं, स्वतः उचललेले. आणि अहवाल आला: नापास. अकरा मुठी हलत होत्या, नऊ पात्यांवर गंज.

माझं डोकंच फिरलं. पहिल्या झटक्यात मी लिहिणार होते, तुमचा माल तुमच्या घशात घाला. मग आवरलं. शाळेत असताना मावशीनं एकदा भांडी घासायला लावली होती आणि मी खरकटी ठेवली. तिनं आदळआपट केली नाही. एक ताट उजेडात धरलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काय?" तेच केलं. एकेका मुठीचा फोटो, त्यावर बाण, कितवा नग, काय चुकलं, काय हवं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि दुसऱ्यांदा तपासणीला तुमचा माणूस समोर उभा राहिला पाहिजे. शिवी एक नाही. आणि शेवटी विचारलं, गंज कशानं आला असेल? मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

लिनबाईनं दोन दिवसांत उत्तर दिलं. पाती धुतल्यावर वाळवायचा पंखा बंद पडला होता, कामगारांनी ओलीच गठ्ठ्यात बांधली. मुठीचं लाकूड नवं होतं, सुकून आकसलं. त्यांनी सगळे बाराशे पुन्हा उघडले. कसं असतं बघ, रागानं विचारलं असतं तर "माफ करा" एवढंच आलं असतं. कशानं म्हणून विचारलं तर पंखाही कळला.

आईचा कोयता तिथं सीलबंद पिशवीत आहे. काम झालं की परत. खंडेनवमीला दोन महिने आहेत.

वनमाला

शिरूर कासार, २६ ऑगस्ट

आक्का,

आज माझा मूड ठीक नाही, पण लिहिते. तुझ्याशिवाय हे सांगू कुणाला?

दुसरी तपासणी पास झाली. मुठी घट्ट, गंज नाही, लांबी-रुंदी-वजन नमुन्याप्रमाणं. कागद बघून मी पेढे वाटले. बोटीचा माल निघायच्या आधी चोवीस कोयते विमानानं मागवले, इथं वापरून बघायला. गेवराईकडं एका शेतात बेण्याचा ऊस तोडायचा होता, तिथं बारा बाया घेऊन गेले.

आणि आक्का, तमाशा झाला. कोयता बघायला सुरेख, हाताला हलका, आणि उसावर मारला की बाहेर घसरतो! बुडखा जमिनीलगत तुटायला पाहिजे, तर तिरपा, वर वीतभर ठेवून तुटतोय. एकीचा तर पायाकडं आला. थोडक्यात वाचली. बाया खदाखदा हसायला लागल्या. "वनमालाताई, ह्यो कोयता उसावर रुसलाय का?" "चीनचा हाय, त्याला मराठवाड्याचा ऊस वळखना!" तासाभरात बाराच्या बारा बायांनी आपापले जुने कोयते काढले. माझी पास झालेली तपासणी बायांनी तासात नापास केली.

मी तिथं बांधावर बसून विचार करत राहिले. लांबी तीच, वजन तेच, पोलाद तेच. मग चुकतंय काय? घरी येऊन लिनबाईला जरा जास्तच तिखट लिहिलं. तुम्ही धार चुकवली, तपासनीसाला हाताशी धरलंत, सगळा माल नाकारते. शिवी नव्हती, पण तिच्या वरच्या साहेबाला प्रत पाठवली. तेवढं नको होतं करायला.

तिचं उत्तर आलं. एक: आम्ही पुन्हा मोजलं, माल आणि नमुना यात केसाचाही फरक नाही. माझंच वाक्य मला परत. दोन: तुम्ही सगळा माल नाकारलात, त्यामुळे आमच्या नियमानं आता नमुना प्रयोगशाळेत जाईल. पोलाद खरंच तेच आहे का हे ठरवायला नमुन्याचं पातं कापून आतलं बघावं लागतं.

कापून!

मी लगेच फोन लावला. तिकडं सुट्टी. ईमेल केली, चॅट केलं, तपासनीसाला केलं. "कापू नका, कापू नका" एवढंच लिहीत राहिले, त्याचं भाषांतर तिच्या फोननं काय केलं असेल देव जाणे.

हे तुला लपवता आलं असतं. नवा एखादा जुनाट कोयता शोधून खुंटीला टांगला असता तर स्वप्नाला कळलंही नसतं. पण तुला कळलं असतं. तू हात लावताच ओळखलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे.

अजून उत्तर नाही.

वनमाला

शिरूर कासार, ९ सप्टेंबर

आक्का,

आधी हे: कापला नाही. लिनबाईनं सुट्टीतून परत येताच पिशवी प्रयोगशाळेच्या टेबलावरून उचलून आणली. कोयता माझ्याकडं परत निघालाय.

आता दुसरं, आणि हे सांगायला मी सकाळपासून उतावीळ आहे.

ते चोवीस कोयते आमच्या गोदामात पडून होते. मला राहवेना. रोज एक घ्यायचा, उलटासुलटा करायचा, खिडकीशी धरायचा. पातं सरळ आहे का बघण्यासाठी दोऱ्यानं मापलं. पाण्याच्या बादलीत बुडवून बघितला, कशासाठी ते विचारू नकोस. परवा साखराबाई आली. साठीला टेकलेली बाई, तोंड फाटकं, चाळीस हंगाम तोडलेत. म्हणाली, "समद्या बाया वाईट म्हणायल्या, तर बघू तरी, आणा एक." गोदामामागं गजराजाचं गवत आहे, उसासारखंच जाड. ती वाकली, आणि सपासप! बुडख्यापासून स्वच्छ. दहा-बारा तोडले आणि कोयत्याकडं बघत उभी राहिली.

मी विचारलं, "काय झालं?"

म्हणाली, "बाई, चाळीस वरसं म्या दुसऱ्याच्या हाताचा कोयता वापरला. ह्यो मव्हा हाय."

मग माझ्या लक्षात आलं. कोयता तिच्या डाव्या हातात होता.

मी दोन्ही कोयते शेजारी धरले, तिचा जुना आणि हा. आपल्याकडं कानस एकाच अंगानं मारतात ना, म्हणजे पात्याचं एक अंग सपाट आणि एक उतरतं. बाजारातल्या सगळ्या कोयत्यांचा उतार एका बाजूला, आणि आईच्या नमुन्यावरून केलेल्यांचा नेमका उलट्या बाजूला. उजव्या हातानं मारला की बाहेरच घसरणार. आणि ती मुठीची खोलगट जागा! कारखान्यानं तीसुद्धा उतरवलीय. बाराशेच्या बाराशे मुठींना, यंत्रानं, आईच्या अंगठ्याची जागा. डाव्या अंगठ्याची. मी माझा डावा अंगठा त्यात ठेवला तर बरोबर बसला.

कारखान्यानं काहीच चुकवलं नव्हतं, आक्का. मी सांगितलं ते केसाचाही फरक न करता केलं त्यांनी. चुकीचा नमुना मी पाठवला. आणि का चुकला माहीत आहे? चोरीचा होता म्हणून. तुला कळू नये म्हणून मी तो एकाही बाईला दाखवला नाही. सातशे बाया आहेत माझ्याकडं. श्राद्धाच्या बायांनी तो नुसता तोलून बघितला होता; एकीलाही त्यानं चार ऊस तोडायला दिले असते तर तिनं त्याच मिनिटाला सांगितलं असतं, ताई, ह्यो बाहेर घसरतोय. मी कागदात बघितलं, वजनात बघितलं, फक्त ऊस तोडायला देऊन बघितलं नाही.

लिनबाईला मी लिहिलं: चूक माझी, तक्रार मागं घेतली, आणि हेच तुमच्या साहेबालाही कळवलंय. तपासनीसाचीही माफी मागितली. तिचं उत्तर आलं, "आमच्या मिस्त्रीने पहिल्या दिवशीच विचारले होते की हे म्हातारीचे हत्यार डावे आहे काय. मी त्याला म्हणाले, ग्राहकाला माहीत असेल." ग्राहकाला माहीत नव्हतं. तिकडच्या मिस्त्रीला कळलं आणि मला, तिच्या पोटच्या पोरीला, माहीत नव्हतं.

आणि इथंच मी अडलेय. आई डावरी नव्हती. भाकरी उजव्या हातानं थापायची, कुंकू उजव्या हातानं लावायची, मला चापट मारायची ती उजव्याच हाताची. कपिलधारला धबधब्याखाली तिनं मला दंडाला धरून उभं केलं होतं, तेव्हाही उजव्या हातानं. मग कोयता डावा कसा? दुसऱ्या कुणाचा होता का? आपल्या वडलांचा, दादांचा?

मी तिला ऊस तोडताना कधी बघितलंच नाही. टोळी निघायची तेव्हा मी मावशीकडं शाळेला, आणि परत यायची तेव्हा कोयता धुऊन-पुसून खुंटीला. तू म्हणालीस तेच खरं. माझा हात पेनाचा. पण तू तिच्या शेजारी होतीस. तूच सांगू शकतेस. रागावलेली राहा, पण एवढं सांग.

वनमाला

शिरूर कासार, २४ सप्टेंबर

आक्का,

कोयता आला!

आधी तो मुंबईत चार दिवस अडकला. विमानतळावरच्या साहेबाचा फोन आला, हे हत्यार आहे की अवजार? मी म्हटलं, साहेब, माझी आई होती ती. त्याला काही कळलं नाही, पण मग सगळं सांगितलं, फोटो पाठवला, कंपनीचं पत्र पाठवलं, आणि सुटला.

आता जे आहे ते सांगते, एकही गोष्ट झाकत नाही. कापलेला नाही. मूठ तशीच. पण पात्यावर, दांड्याजवळ, तीन ठिपके आहेत. मोहरीएवढे. पोलाद किती कठीण आहे ते बघायला यंत्रानं टोचतात, त्याच्या खुणा. माझी पत्रं पोचायच्या आधीच झालं होतं. ते ठिपके जायचे नाहीत, मी लोहाराला विचारलं. आणि आईच्या लुगड्याची ती गुंडाळी नाही आली. तिकडंच कुठंतरी फेकली गेली असेल. ह्या दोन्हींची गुन्हेगार मी.

बाकी मालाचं असं ठरलं. कारखाना पाती उलट्या अंगानं पुन्हा घासून देणार, मुठी नव्या. ह्या वेळी नमुना बारा बायांनी मिळून पास केलाय, प्रत्येकीनं पन्नास-पन्नास ऊस तोडून. कागदावर मी फक्त त्या बाराजणींचे अंगठे घेतले. माल दिवाळीच्या पाडव्यापर्यंत येईल, काही टोळ्या आधी निघतील, त्यांना पहिले पंधरा दिवस जुन्यावर काढावे लागतील. बाया म्हणाल्या, इतकी वरसं काढली तर पंधरा दिस काय.

आणि एक मजा. मला खाज सुटली म्हणून मी सगळ्या बायांना विचारत सुटले, तुमच्यात डाव्या हातानं तोडणाऱ्या कोण? आधी कुणी हात वर करेना. डावा हात म्हटलं की बाया लाजतात. साखराबाई उठून म्हणाली, "म्या हाय, कुणाला काय म्हणायचंय?" मग एकेक हात वर यायला लागले, तेही डावेच. एकतीस! आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काहीजणी उलटा कोयता वापरून मनगट कायमचं वाकडं करून बसल्यात. तर बाराशेतले साठ कोयते तसेच ठेवायला सांगितलेत, आईच्या हाताचे.

खंडेनवमी आठवड्यावर आली. कोयता माझ्यासमोर टेबलावर आहे. एस्टीच्या पार्सलनं पाठवू, की स्वप्ना बीडला येईल तेव्हा तिच्याकडं देऊ? मी स्वतः आणला असता, पण तू दार लावून घेतलंस तर परत येताना माझ्यानं चालवणार नाही. तसं लिहायची लाज वाटते, पण तसंच आहे.

वनमाला

दुनकवाड, धारूर, २७ सप्टेंबर

वनमाला,

ही स्वप्ना लिव्हतीया, बोलतीया म्या. ती म्हणती शुद्ध करून लिव्हू का. म्या म्हणलं, जसं बोलते तसंच लिव्ह. न्हाईतर तिला वाटंल तूच लिव्हलं.

तुव्ही समदी पत्रं ऐकली. चुलीत एक बी घातलं न्हाई. पयलं घालणार व्हते, स्वप्नानं पळवलं.

तुला लई इचारायची सवं. घड्याळ तूच मोडलं व्हतं, मार म्या खाल्ला. आता इचारलंयस तर ऐक.

आई डावरी नव्हती. कोयता तिचाच व्हता, दादाचा न्हाई. दादा गेले तवा आई अर्धा कोयता झाली. तुला माहीत न्हाई ते काय असतंय. फडात एक कोयता म्हंजी नवरा-बायकूची जोडी. एकट्या बाईला मुकादम उचल देत न्हाई, टोळीत घेत न्हाई. आईनं लई हातपाय जोडले. तवा तो म्हणला, पोरगी संगं घे, दोगी मिळून कोयता पुरा धरतो. म्या नऊ वरसाची. तू पाचाची, म्हणून तू मावशीकडं गेली आन म्या फडात. त्यात तुव्हा काय गुन्हा न्हाई. म्या कदी म्हणले न्हाई, आज म्हणते.

आई तोडायची आन म्या तिच्या उजव्या अंगाला बसून ऊस वढून मोळीला लावायची. तिसरा का चवथा दिस असंल. म्या पुढं सरकले आन तिचा कोयता मागं आला. मव्हा उजवा कान तुला माहीत हाय, वरचा तुकडा न्हाई. तुला सांगितलं व्हतं की बाळी वढली गेली. बाळी न्हाई. त्यो ह्यो कोयता.

आई रडली न्हाई. हळद दाबली, पदर फाडून बांधलं. दुसऱ्या दिशी फडात गेलो तर तिनं कोयता डाव्या हातात धरला. म्या उजव्या अंगाला हाय तर कोयता दुसऱ्या अंगानं फिरल, एवढंच. पयले आठ दिस तिला धड मोळी व्हत नव्हती. लोकं हसायची, मुकादम वरडायचा, "बाई, डोकं फिरलं का तुव्हं?" सांजच्याला पाचटाच्या कोपीत बसून कानस घ्यायची आन कोयत्याचं त्वांड घासून घासून दुसरीकडं फिरवायची. मूठ तिच्याच अंगठ्यानं झिजली. कुणी कोरली न्हाई.

तेरा वरसं तिनं तसंच तोडलं. म्या मोठी झाले, मव्हा येगळा कोयता झाला, तरी तिचा हात फिरला न्हाई. घरी आली की उजवा, फडात डावा. तुला दिसायचा कसा?

आन आता एक गंमत ऐक. म्या तिचंच बघून शिकले. मव्हा हात कवा डावा पडला ध्यानात बी आलं न्हाई. लगीन होऊन दुसऱ्या टोळीत गेले तवा नवरा म्हणला, तू डावरी हायस का? म्या म्हणलं, न्हाई, आमच्याकडं ऊस असाच तोडत्यात. तवा मला कळलं. तर तुव्ह्या एकतीस बायांत एक धर. बत्तीस.

म्हणून त्यो कोयता तुला दिला न्हाई. तुव्हा हात पेनाचा म्हणले ते रागानं म्हणले. खरं तर मला वाटलं, हिला काय सांगावं, हिला वझं व्हईल.

भंगारवाल्याला म्या बोलावून च्या पाजला. त्याचं तू काय बघू नको.

तीन ठिपके पडले म्हणतीस. पडू दे. त्यानं मव्ह्या कानाला केलं, कुणीतरी त्याला बी केलं. फिटलं. लुगड्याचं वाईट वाटलं, पर लुगडं आईचं नव्हतं, मव्हं व्हतं. तू घाईत मव्हं उचललंस.

पार्सल न्हाई, स्वप्नाकडं बी न्हाई. तूच आन. बीडला गाडी बदल, धारूरच्या गाडीत बस, फाट्यावर उतर, स्वप्ना उभी ऱ्हाईल. दार उघडं हाय. खंडेनवमीला दोगी मिळून पुजू, आन तुला कोयता धरायला शिकवते. डाव्या हातानं.

त्या साठातला एक मव्ह्यासाठी काढून ठेव. अंगठ्याची जागा नीट बगून आन, केसाचा बी फरक नको.

तुव्ही आक्का,
विजयमाला